एक खोली, दोन इयत्ता

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. खोली एक. मुलं दोन, ताई सहावीत आणि धाकटा दुसरीत. टीव्ही एक. फोनही एकच, आणि तो सकाळी आठला वडिलांबरोबर घराबाहेर पडतो, ते संध्याकाळी सातला परत येतो. आई घरात आहे, पण शिवणयंत्रावर. शाळा बंद, बाहेर जायला मनाई. तर दोघांचा अभ्यास व्हायचा कसा? आणि कुणा एकाचाही बुडता कामा नये, अशी अट आहे बरं का!

हे कोडं पुस्तकातलं नाही. आमच्या भोसरीत, दिघी रोडच्या आतल्या गल्लीत, माझ्या गॅलरीला लागून असलेल्या घरातलं आहे. साल होतं २०२०. तुमच्यातल्या मोठ्यांना ते चांगलं आठवत असेल, धाकट्यांनी घरी ऐकलं असेल. मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळं शाळांना कुलपं लागली. पहिली ते आठवीची वार्षिक परीक्षाही झाली नाही, सगळे वरच्या वर्गात गेले. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते कागदावर. वर्गातले बाक तसेच धूळ खात राहिले. त्यात १४ ते २३ जुलै या दहा दिवसांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडला पुन्हा कडक टाळेबंदी लागली.

शेजारच्या घरातले वडील औषधांच्या गोदामात कामाला. औषधांचं काम थांबून कसं चालेल? म्हणून ते रोज जायचे, आणि घरातला एकुलता एक फोन त्यांच्या खिशात. आई मास्क शिवून द्यायची. राहिली दोन मुलं. शाळेचा अभ्यास फोनवर यायचा, म्हणजे या दोघांसाठी संध्याकाळी सातनंतर. तोही आधी कुणी बघायचा यावरून रोज भांडण. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

मी प्राथमिक शिक्षिका. डी.एड.ला असताना आम्हाला एक शब्द शिकवला होता, जोडवर्ग. तुमच्यापैकी जे वाडीवस्तीवरच्या शाळेत शिकतात त्यांना तो लगेच कळेल. शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार किंवा पाच. मग एका शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग, एकाच खोलीत. हा काही अपवाद नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातसुद्धा पहिली ते पाचवीची पटसंख्या साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, असंच प्रमाण दिलेलं आहे. मग बाई काय करतात? एका वर्गाला शिकवतात तेव्हा दुसरा वर्ग स्वाध्याय करतो. थोड्या वेळानं अदलाबदल. आणि काही गोष्टी दोघांनाही एकत्र शिकवतात, पण प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या इयत्तेचे विचारतात.

मला वाटलं, घराचाही जोडवर्ग का होऊ नये? गॅलरीच्या कठड्यावरून मी त्या दोघांना विचारलं. दोघं तयार झाली. हा त्या आठवड्याचा हिशेब.

सोमवार, २० जुलै

त्या दिवशी दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे दिव्याची अवस. आणि दुसरी, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका त्याच दिवशी सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं तयार केलेली, बालभारतीच्या पुस्तकांवरची, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. प्रत्येक इयत्तेला रोज अर्धा तास, आणि वेळा वेगवेगळ्या. फोनवरून भांडणारी आमची जोडगोळी टीव्हीपुढं शांत बसली, कारण इथं दोघांची वेळच निरनिराळी होती.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं वेळापत्रक आखलं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तास, टीव्हीचा वेळ वेगळा. पहिला तास दोघांचा एकत्र. दुसऱ्यात ताई धाकट्याला शिकवणार. उरलेल्या दोन तासांत ताईचा स्वतःचा अभ्यास, आणि धाकट्याचा स्वाध्याय. संध्याकाळी फोन आला की एक दिवस ताई आधी, दुसऱ्या दिवशी धाकटा आधी. भांडणाचं मूळच खणून काढलं!

पहिल्या दिवशीचा एकत्र तास झाला दिव्यांवर. आईनं कणकेचे दिवे केले होते. प्रत्येक दिव्यात दोन वाती, तर सात दिव्यांना किती? हा धाकट्याचा प्रश्न. वाटीभर तेल सात दिव्यांत सारखं घातलं, तर एका दिव्यात वाटीचा कितवा भाग? हा ताईचा. दिवे तेच, प्रश्न दोन.

मंगळवार

धाकटा तेवीस लिहायचा ते ३२. रागावून काही उपयोग नव्हता, कारण त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. बघा हं, आपण 'तेवीस' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी लिहायचे आणि ३ नंतर. कान एक सांगतो आणि हात दुसरंच करतो! पुष्कळ लहान मुलं इथं अडतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची आणखी एक रीत आली, ती यासाठीच. तेवीसबरोबर 'वीस तीन' असंही. त्यावरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. मुलाला संख्येची रचना कळावी आणि जोडाक्षरांच्या नावांची धास्ती कमी व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावं पुस्तकातून गेलेली नव्हती, दोन्ही होती.

ताईला हे नवीन. तिच्या वेळी दुसरीत फक्त तेवीसच होतं. तिनं धाकट्याला आईच्या शिवलेल्या मास्कच्या दहा-दहाच्या गड्ड्या करायला लावल्या. दोन गड्ड्या आणि तीन सुटे. "आता म्हण, वीस आणि तीन. आधी गड्ड्या लिही, मग सुटे." पाच-सहा वेळा केल्यावर ३२ चे २३ झाले.

आणि मग ताई स्वतःच थबकली. गॅलरीत येऊन म्हणाली, "बाई, एकोणतीसमध्ये नऊ कुठं ऐकूच येत नाहीत!" खरंच की. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. म्हणजे आपण वजाबाकीच बोलत असतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. सहावीतल्या मुलीनं हा शब्द हजारदा उच्चारला असेल, पण तो उघडून पाहिला तेव्हा, जेव्हा दुसरीतल्या भावाला समजावून सांगायची वेळ आली.

बुधवार

बुधवारी मी म्हटलं, ताई, तुझी वही बघू. धाकट्याची वही भरलेली होती. पाटीवर शुद्धलेखन, वहीत बेरजा, एका पानावर पावसाचं चित्र. ताईच्या वहीत सोमवारचं अर्धं पान. पुढं कोरं.

झालं होतं असं. ताईचा तास सुरू झाला की धाकटा हाक मारायचा, "ताई, हे कसं?" आई म्हणायची, "अगं, एवढ्या बटणांच्या पिशव्या उचल." मग कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दारावर भाजीवाला आला तर बघायचं. प्रत्येक काम पाच मिनिटांचं. पण पाच-पाच मिनिटांनी तिचे दोन्ही तास खाऊन टाकले होते.

आईला मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाई, धाकट्याचा पाया कच्चा राहिला तर? मोठीनं जरा सांभाळून घ्यायला नको का?" त्यांचंही खरं होतं. रात्री अकरापर्यंत यंत्र चालायचं त्यांचं.

पण खरं उत्तर दिलं ते ताईनं. म्हणाली, "बाई, माझं नाही झालं तरी चालेल. आठवीपर्यंत नापास कुठं करतात?"

मी तिला एकच उदाहरण घातलं. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. पाचवीतलं. पूर्वी ती असली उदाहरणं चुटकीसरशी करायची. त्या दिवशी तिनं वरच्यांची बेरीज केली, खालच्यांची बेरीज केली आणि लिहिलं तीन सप्तमांश. मग स्वतःच बघत राहिली. "पण हे तर दोन तृतीयांशापेक्षा कमी आहे," ती हळूच म्हणाली. बेरीज केली आणि उत्तर लहान झालं! चार महिन्यांत हातातून काय निसटलं होतं ते तिचं तिलाच दिसलं. मला काही बोलावं लागलं नाही.

दोस्तांनो, ही गोष्ट फक्त या घरापुरती नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये 'असर' या संस्थेनं ग्रामीण भारतात फोनवरून पाहणी केली. जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातलं कुणी ना कुणी मदत करत होतं. आई, वडील, आणि मोठी भावंडंसुद्धा. छान वाटतं ना ऐकून? पण ही मदत करणाऱ्या मोठ्या भावंडांचीही कुठली तरी इयत्ता होतीच की! त्यांची वही कोण बघत होतं?

म्हणून बुधवारी आम्ही वेळापत्रकात एक ओळ लाल खडूनं लिहिली : ताईचा तास. सकाळी अर्धा, दुपारी अर्धा. त्या वेळात आग लागल्याशिवाय कुणी हाक मारायची नाही. धाकट्यानं विचारलं, "आणि शू लागली तर?" आई हसल्या. "तेवढं तू एकटा जातोस की रे!" आणि त्यांनी बटणांच्या पिशव्या स्वतःच्या हाताशी ओढून घेतल्या.

गुरुवार

धाकट्याचा स्वाध्याय असा हवा होता, की त्यात ताईची गरज पडता कामा नये. नुसतं "अक्षर गिरव" म्हटलं तर दुसरीतलं मूल पाच मिनिटांत कंटाळतं. मग त्याला काम दिलं मास्क मोजायचं. दहा-दहाच्या गड्ड्या बांधायच्या, चिठ्ठीवर संख्या लिहायची, आणि चिठ्ठी आईला द्यायची. अभ्यासही झाला आणि आईची मोजदादही.

ताईला त्याच मास्कमधून सहावीचं गणित मिळालं. कापड १०० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद. मास्कचा एक तुकडा २० बाय १८ सेंटिमीटरचा. लांबीत पाच तुकडे, रुंदीत पाच, एकूण २५. मास्क दोन पदरी असेल तर बारा होतात आणि एक तुकडा उरतो. तीन पदरी असेल तर? तिनं भागाकार केला, मग आईजवळ जाऊन हिशेब सांगितला. आई म्हणाल्या, "हे मी मनात करतेच की!" ताई म्हणाली, "मग तू गणितच करतेस, आई." त्या दिवशी त्या घरात तिसरी इयत्ताही निघाली म्हणा ना!

दुपारी उलटी शाळा भरली. धाकटा गुरुजी आणि ताई विद्यार्थी. त्यानं धडा वाचून दाखवायचा, मग ताईनं मुद्दाम चुका करत वाचायचा, आणि त्यानं चुका पकडायच्या. जोडाक्षरांना घाबरणारा हा पठ्ठ्या ताईची एक चूक पकडायला ओळ तीन-तीनदा वाचत होता!

तुम्हाला वाटेल, बाईंनी ही नवीनच युक्ती काढली. छे! ती फार जुनी, आणि आपल्याच मातीतली आहे. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख झाले. तिथल्या देशी शाळेत त्यांनी पाहिलं की मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवतात. आपल्याकडं पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं गिरवायचे, तसंच. बेलसाहेबांनी आपल्या शिक्षकांना हे करायला सांगितलं, तर ते तयार होईनात. मग त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलालाच लहान वर्ग शिकवायला दिला. त्याला ते जमलं. पुढं १७९७ मध्ये बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचं पुस्तक छापलं आणि इंग्लंडभर तशा शाळा निघाल्या. तिकडं या रीतीला नाव पडलं 'मद्रास पद्धत'!

पण तिचं पुढं काय झालं, तेही ऐका. पैसे वाचतात म्हणून लोकांनी शेकडो मुलं एकाच शिक्षकाच्या हाती दिली आणि बाकी सगळं शिकवणं मोठ्या मुलांवर ढकललं. शिक्षण म्हणजे नुसती घोकंपट्टी होऊ लागली. शेवटी ती पद्धत मागं पडली. मुलानं मुलाला शिकवणं फार चांगलं, पण त्यानं शिक्षकाची जागा भरून निघत नाही. तसंच घरात ताईनं शिकवणं चांगलं, पण ताईलाच शिक्षक करून टाकलं, तर तिनं शिकायचं कधी?

शुक्रवार

आता टाळेबंदी थोडी सैल झाली होती, पाऊस मात्र धरून होता. एकत्र तासाला आम्ही पर्जन्यमापक केला. सरळ बाजूंची बाटली घ्यायची, मान कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवायचा. तळ सपाट नसतो म्हणून आधी थोडं पाणी भरून तिथं शून्याची खूण करायची. वर पट्टी चिकटवायची. कापायचं काम मोठ्यांनी करायचं हं! बाटली गच्चीवर उघड्यावर ठेवली. रोज सकाळी आकडा वाचणार धाकटा, आणि त्याचा स्तंभालेख काढणार ताई.

त्या दिवशी मी ताईला एका मुलीची गोष्ट सांगितली. पंडिता रमाबाईंची. जन्म १८५८ चा. त्या काळी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. पण रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं. पुढं लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. घरकामाच्या रगाड्यात दिवसा वेळ मिळायचा नाही, म्हणून त्या पहाटे, उजाडायच्या आधी लेकीला शिकवायच्या. शाळेची पायरीही न चढलेल्या या मुलीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

ताई म्हणाली, "म्हणजे त्यांचाही ताईचा तास होता. फक्त पहाटे."

मला एवढं नेमकं सुचलं नसतं.

शनिवार, २५ जुलै

नागपंचमी. सकाळी धाकट्यानं पाटावर नाग काढला. त्याच्या अंगावर दहा-दहा खवल्यांच्या ओळी, आणि शेपटीजवळ चार सुटे. "चाळीस चार," तो म्हणाला, आणि लगेच, "चव्वेचाळीस." दोन्ही नावं, न अडखळता.

संध्याकाळी गॅलरीत परवचा झाला. हा शब्द आजी-आजोबांना विचारा. दिवेलागणीला घरातली सगळी मुलं एकत्र बसून पाढे म्हणायची, लहानांनी बे, मोठ्यांनी तेवीस-एकोणतीस, आणि त्याहून मोठ्यांनी पावकी, निमकी, दिडकी. सगळ्या इयत्ता एका सतरंजीवर! आम्ही आपापल्या गॅलरीत अंतर ठेवून उभे राहिलो. धाकट्यानं पाचापर्यंत म्हटले. ताईनं एकोणीसचा म्हटला, आणि तो पाठ नव्हता तरी म्हटला. वीस म्हणायचे आणि एक-एक वाढवून वजा करायचा : वीस त्रिक साठ, त्यातून तीन गेले, सत्तावन्न. 'एकोण'चं गुपित मंगळवारी हाती लागलं होतं ना!

मग ताईची वही पाहिली. बुधवारपासून चार पानं भरली होती. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश, उत्तर अकरा द्वादशांश. शेजारी एका पोळीचं चित्र, बारा तुकडे केलेलं, एक तुकडा कोरा.

सगळं छान झालं असं मात्र म्हणणार नाही. त्या आठवड्यात इंग्रजी मागं राहिलं, ताईचं विज्ञान तर जेमतेम उघडलं. संध्याकाळी फोनवर आलेला अभ्यास दोनदा अपुरा राहिला, कारण बॅटरीच संपली. शहरांतल्या लहान वर्गांची दारं पुन्हा उघडायला २०२१ चा हिवाळा उजाडला. तोवर असे किती आठवडे गेले! शाळेची जागा त्या गॅलरीनं घेतली नाही, ती घेणारही नव्हती. पण त्या घरात दोन वह्या होत्या, आणि दोन्ही भरत राहिल्या.

आता शाळा सुरू आहेत. पण घरातल्या दोन इयत्ता कुठं गेल्या? सुट्टी असते, कधी कुणाला कांजिण्या येतात, आई-वडील दोघंही पाळीवर असतात. तेव्हा हे करून बघा. मोठ्या भावंडांनो, धाकट्याला रोज अर्धा तास शिकवा, जास्त नाही. धाकट्यांनो, तुम्हीही गुरुजी होऊन ताईच्या-दादाच्या चुका पकडा. आणि घरात लाल खडूनं एक तास लिहा, मोठ्या भावंडाच्या नावाचा. तो मोडायचा नाही. हे वाचताना आई-बाबा खांद्यावरून डोकावत असतील, तर ही ओळ त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आणि आता या आठवड्याचा उद्योग. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... अशी ही 'एक कमी'वाल्यांची रांग शंभरपर्यंत चालत जाते. पण एका ठिकाणी ती मोडते. कुठं मोडते ते शोधा. आधी धाकट्याला विचारा, मग स्वतः म्हणून बघा.

तुमच्या बाई